परदेशातल्या गिऱ्हाइकाकडून व्हॅट कोणत्या देशाचा घ्यायचा: विकणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या?

टाका-दोरा:

मी नेदरलँड्समधून लहान मुलांचे हातशिलाईचे कपडे आणि चित्रपुस्तकं ऑनलाइन विकते. धंदा एका खोलीतला, कामाला मी आणि एक मदतनीस. गिऱ्हाईक मात्र जर्मनी, फ्रान्स, आयर्लंड, हंगेरी असं विखुरलेलं आहे.

३० जून २०२१ पर्यंत नियम मला झेपणारा होता. एखाद्या देशात वर्षाला ३५,००० युरोंहून जास्त माल गेला (काही देशांत ही मर्यादा १ लाख होती) तरच तिथला व्हॅट लागायचा, एरवी आपल्याच देशाचा. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघातल्या बाकीच्या सगळ्या देशांची विक्री एकत्र धरतात आणि मर्यादा आहे फक्त १०,००० युरो. महिन्याला साधारण ८३३ युरो होतात. त्याच्या वर गेलात की प्रत्येक पार्सलावर गिऱ्हाइकाच्या देशाचा दर.

याचा अर्थ काय होतो ते एका फ्रॉकवर सांगते. किंमत ५० युरो, व्हॅट धरून. नेदरलँड्समध्ये २१ टक्के, माझ्या हाती ४१ युरो ३२ सेंट. हंगेरीत २७ टक्के, हाती ३९ युरो ३७ सेंट. लक्झेंबर्गमध्ये मुलांच्या कपड्यांना ३ टक्के आहे, तिथे ४८ युरो ५४ सेंट. आयर्लंडमध्ये शून्य, पण ११ वर्षांखालच्या मुलांच्या मापालाच. म्हणजे दहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक एका दराने आणि बाराच्या मुलीचा दुसऱ्या. पुस्तकांचं वेगळंच: इथे ९, जर्मनीत ७, फ्रान्समध्ये साडेपाच, आयर्लंडमध्ये शून्य. दर चुकून कमी लावला तर फरक माझ्या खिशातून जातो. गिऱ्हाइकाकडे मागायला मी जाऊ शकत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. वर्षाला १ लाख युरोंच्या आतल्या विक्रेत्याला सगळीकडे आपल्याच देशाचा व्हॅट लावू द्यावा. कर बुडत नाही, दुसऱ्या तिजोरीत जातो इतकंच.

हिशेबनीस:

सहमत नाही. तुमच्या त्रासाबद्दल शंका नाही, अशा दहा-बारा दुकानांचे हिशेब मी करतो. पण उपाय चुकीचा वाटतो.

व्हॅट हा विकणाऱ्यावरचा कर नाही, वापरणाऱ्यावरचा आहे. १९५४ साली फ्रान्सने तो आणला तेव्हापासून निर्यातीवर शून्य आणि आयातीवर पूर्ण, हाच त्याचा पाया. बुडापेस्टमधल्या दुकानात तोच फ्रॉक २७ टक्क्यांनी विकला जातो. तुम्ही २१ टक्क्यांनी पाठवलात तर त्या दुकानदाराने काय घोडं मारलंय? हंगेरीतल्या रस्त्यांचा नि शाळांचा पैसा हंगेरीतल्या खरेदीतून यायचा, तो नेदरलँड्सला का द्यायचा?

आणि ‘आपल्याच देशाचा व्हॅट’ म्हटलं की देश निवडण्याची शर्यत सुरू होते. २०१४ अखेरपर्यंत डिजिटल सेवांना विक्रेत्याच्या देशाचा दर होता. लक्झेंबर्गचा सर्वसाधारण दर १५ टक्के, संघात सर्वांत कमी. मोठ्या कंपन्यांनी युरोपातली कार्यालयं तिथे का थाटली याचं एक कारण त्यातच होतं. १ जानेवारी २०१५ पासून गिऱ्हाइकाच्या देशाचा दर आला, आणि त्याच दिवसापासून लक्झेंबर्गला आपला दर १७ करावा लागला.

मालाचंही तेच. ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या १८ पौंडांपर्यंतच्या पार्सलाला व्हॅट माफ होता. त्या एका सवलतीवर जर्सी आणि गर्न्सी या बेटांवर सीडी-डीव्हीडी टपालाने विकायचा मोठा धंदा उभा राहिला. ब्रिटनमधली कितीतरी दुकानं त्याखाली दबली. एप्रिल २०१२ मध्ये त्या बेटांसाठी सवलत बंद झाली, तेव्हा ते थांबलं.

टाका-दोरा:

लक्झेंबर्गला कार्यालय थाटणाऱ्या कंपन्यांशी माझी तुलना नको. मी शिलाई मशीन उचलून कुठेही जाणार नाही. म्हणून तर १ लाखाची मर्यादा म्हणतेय.

हिशेबनीस:

मर्यादा ठेवली की एकाच घरात चार नावांनी चार दुकानं निघतात. हे मी पाहिलेलं आहे. शिवाय तुम्हाला आता २७ देशांत नोंदणी करावी लागत नाही हे तुम्ही लिहिलं नाहीत. ‘वन स्टॉप शॉप’मध्ये आपल्याच देशात एक नोंदणी, तिमाहीला एक रिटर्न, एकच भरणा. पुढचं वाटप आपल्याच देशाचं करखातं करतं. २०२१ आधी ३५,००० ओलांडणाऱ्याला त्या-त्या देशात स्वतंत्र नोंदणी आणि तिथल्या भाषेतली पत्रं सांभाळावी लागत. त्या दिवसांत परत जायचंय का?

टाका-दोरा:

भरणा एक आहे, मान्य. दर एक नाही. मालाचं वर्गीकरण माझ्याच डोक्यावर. प्रत्येक विक्रीची नोंद १० वर्षं जपायची, पार्सल कुठे गेलं त्यासकट. कापडावर मी भरलेला व्हॅट त्या रिटर्नमध्ये वजा होत नाही, त्यासाठी इथलं रिटर्न वेगळं. तिमाहीच्या शेवटी दोन दिवस शिलाई बंद असते. मोठ्या कंपनीला यासाठी सॉफ्टवेअर आणि माणसं असतात.

कोपऱ्यावरचं दुकान:

माझं खेळण्यांचं दुकान आहे, रस्त्यावरचं, जर्मनीत. त्यामुळे मी हिशेबनीस यांच्या बाजूचा.

२०२१ पूर्वी संघाबाहेरून येणाऱ्या २२ युरोंपर्यंतच्या पार्सलाला व्हॅट नव्हता. मी १५ युरोंच्या मोटारीवर १९ टक्के घ्यायचो आणि तीच मोटार चीनहून थेट घरी यायची, करावाचून. शिवाय ६० युरोंच्या वस्तूवर २० ची चिठ्ठी लावलेली पार्सलं यायची, ते आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ती सूट गेली. आता १५० युरोंपर्यंतच्या मालावर विक्रीच्या वेळीच व्हॅट घ्यायची सोय आहे, आणि विक्री मोठ्या ऑनलाइन बाजारातून झाली तर तो बाजारच विक्रेता धरला जातो. मला हा बदल फार उशिरा आलेला न्याय वाटतो. २०२४ मध्ये अशी सुमारे ४६० कोटी छोटी पार्सलं संघात आली, दिवसाला जवळपास सव्वा कोटी. एवढ्या मालाला ‘विकणाऱ्याच्या देशाचा कर’ म्हटलं असतं तर आमच्यासारख्यांनी शटर ओढलं असतं.

ताई, तुमचं दुकान छोटं आहे, माझंही छोटंच आहे. पण नियम तुमच्यापुरता लिहिता येत नाही.

पडताळा:

मी कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या कंपनीत आहे. १५० युरोंखालच्या या सोयीचं वरती कौतुक झालंय, तर एक बाजू सांगतो.

विक्रेत्याने व्हॅट आधीच घेतलाय हे कस्टम्सला एका क्रमांकावरून कळतं. तो क्रमांक चालू आहे की नाही एवढंच सीमेवर तपासलं जातं. हे पार्सल खरोखर त्याच विक्रेत्याचं आहे का, हे तिथे कळायची सोय नाही. मग दुसऱ्याचा क्रमांक छापून माल पाठवणारे निघतात. त्या पार्सलावर कोणीच कर भरलेला नसतो, आणि ज्याचा क्रमांक चोरला त्या प्रामाणिक माणसाला महिन्याच्या शेवटी न केलेल्या विक्रीबद्दल विचारणा होते. अशा दोन माणसांची पत्रं मी स्वतः लिहून दिली आहेत. दोघेही रडकुंडीला आले होते.

गिऱ्हाइकाच्या देशाचा दर तत्त्वाला धरून आहे, मला पटतो. पण तो दुसऱ्या खंडातल्या विक्रेत्याच्या प्रामाणिकपणावर उभा आहे. जो भरतो त्याच्यावरच कागदांचा बोजा वाढत जातो.

वाट पाहणारी:

मी गिऱ्हाईक म्हणून लिहितेय. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतर तिथल्या एका छोट्या दुकानातून भाचीसाठी ४० युरोंचा स्वेटर मागवला. दुकानाने व्हॅट लावला नव्हता. कुरिअरवाला दारात आला आणि व्हॅट मागितला, वर त्यांचा हाताळणीचा आकार, तो व्हॅटहून जास्त. मी पार्सल परत पाठवलं. दुकानदार बाईंना दोन्ही वेळचा टपालखर्च पडला. मला अजून वाईट वाटतं, चूक त्यांची नव्हती.

म्हणून माझ्या दृष्टीने दर कुठला हा प्रश्न दुय्यम आहे. पैसे भरताना जी किंमत दिसली तीच शेवटची असावी.

पडताळा:

त्या बाईंनी विक्रीच्या वेळी व्हॅट घ्यायचा म्हटलं तर संघाबाहेरच्या विक्रेत्याला सहसा संघातला एक मध्यस्थ नेमावा लागतो, आणि तो फुकट काम करत नाही. आठवड्याला दोन स्वेटर विकणारीला ते परवडणार नाही. शिवाय १०,००० युरोंची मर्यादा संघातल्या विक्रेत्यांनाच आहे, बाहेरच्याला पहिल्या युरोपासून व्हॅट. टाका-दोरा, तुमच्याहून अडचणीत असलेले लोक आहेत.

हिशेबनीस:

टाका-दोरा, एक विचारायचं राहिलं. १ जानेवारी २०२५ पासून लहान धंद्यांसाठी सीमापार सूट आली आहे, ती पाहिलीत का? संघभरातली मिळून उलाढाल १ लाख युरोंच्या आत असेल तर आपल्याच देशात अर्ज करायचा, शेवटी ‘ईएक्स’ असलेला क्रमांक मिळतो. मग ज्या देशात तुमची विक्री तिथल्या लहान धंद्यांच्या मर्यादेत आहे, तिथे व्हॅट लावायचाच नाही. जर्मनीची मर्यादा २५,००० युरो आहे.

टाका-दोरा:

ऐकलं होतं. पण मग कापडावरचा व्हॅट परत मिळत नाही ना?

हिशेबनीस:

त्या विक्रीपुरता नाही मिळत. तरी हिशेब करून बघा. फ्रॉकच्या कापडाला २० युरो आणि त्यावर ४ युरो २० सेंट व्हॅट धरू. आज जर्मनीत ५० ला विकून १९ टक्के गेले की ४२ युरो २ सेंट उरतात, कापडाचा व्हॅट परत येतो, म्हणजे २२ युरो २ सेंट शिल्लक. सूट घेतलीत तर ५० पूर्ण तुमचे, त्यातून २४ युरो २० सेंट वजा: २५ युरो ८० सेंट. आयर्लंडमध्ये मात्र मुलांच्या कपड्यांना शून्य दर असल्याने उलटं होतं. तिथे सूट घेतली तर तोटा. म्हणून देशागणिक निवड करता येते, आणि उरलेल्या देशांसाठी वन स्टॉप शॉप चालू ठेवता येतं.

कोपऱ्यावरचं दुकान:

थांबा. म्हणजे मी १९ टक्के घ्यायचे आणि ताईंनी काहीच नाही? वरती बुडापेस्टच्या दुकानदाराची बाजू तुम्हीच मांडलीत.

हिशेबनीस:

तुमची उलाढाल २५,००० च्या आत असती तर तुम्हालाही जर्मनीत हीच सूट मिळाली असती. आधी ती फक्त देशातल्याला होती, बाहेरच्याला नव्हती. आता दोघांना एकच माप. गिऱ्हाइकाच्या देशाचा नियम म्हणजे त्या देशाची सूटसुद्धा.

कोपऱ्यावरचं दुकान:

माझ्या दुकानाचं वर्षाचं भाडंच त्या मर्यादेला टेकतं. भाडं भरणारा माणूस २५,००० च्या आत राहूच शकत नाही. ही सूट घरातून विकणाऱ्यांसाठीच आहे, आणि मला ती पटलेली नाही.

टाका-दोरा:

तुमचं दुःख कळतं, खरंच. मी जर्मनीपुरता अर्ज करते.

पण १०,००० च्या आकड्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. २०२१ ला लागू झाला तेव्हाच तो लहान होता, त्यानंतर कापड, टपाल, वीज सगळं महागलं आणि आकडा तिथेच आहे. आणि हिशेबनीस, दहा ते बारा वर्षं असं एकच माप शिवलं तर आयर्लंडला कोणता दर लावायचा, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.