मदत हवी आहे: पेस घसरतोय आणि सातारा तोंडावर

सोमवारपासून_नक्की
दीड वर्ष पळतोय, सगळं एक्सेलमध्ये आहे. फेब्रुवारीत १० किमीला पेस, म्हणजे किलोमीटरमागे लागणारी मिनिटं, ६:१४ पडत होता, आता सात. एकही दिवस बुडवलेला नाही. साताऱ्याला नाव नोंदवलंय, डिसेंबरात पुणे आणि जानेवारीत मुंबई करायचा विचार आहे. तिन्ही हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी). मुंबईत २:१० तास हवेत. काय चुकतंय आणि प्लॅन कसा करू? जरा लवकर सांगा.

पळपुटा
वय? आठवड्याला किती किमी? पळता कुठे? किती वाजता? फोन की घड्याळ? एवढं सगळं गाळून "काय चुकतंय" विचारलंत तर ज्योतिषी गाठावा लागेल.

नाचणीसत्व
बूट काढा. मी २०१६ पासून अनवाणी पळतो, गुडघ्याला काही नाही. सकाळी नाचणीची आंबील. पेस आपोआप येतो.

सोमवारपासून_नक्की
वय ४१, कोथरूड, सकाळी ६. आठवड्याला ३५. गुडघे ठणठणीत आहेत, पेसबद्दल विचारलंय.

तळजाईकर
ऑगस्ट आहे हो. हवेत एवढी आर्द्रता असताना घाम वाळत नाही, अंग तापतं, नाडी चढते. सगळ्यांचाच पेस पडतो. थंडी पडली की येईल परत. तोवर आठवड्यातून एकदा जुना कात्रज घाट करा. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढायचाय, सपाटीवरच्या पेसचं तिथे लोणचं घालाल.

मोजपट्टी
घाई नको. फेब्रुवारीत नोंद कशावर होत होती आणि आता कशावर होते?

सोमवारपासून_नक्की
तेव्हा फोनवर. मेमध्ये वाढदिवसाला घड्याळ मिळालं. त्याचा काय संबंध?

मोजपट्टी
तोच तर संबंध. फेब्रुवारीतला एखादा दिवस उघडा. "मूव्हिंग टाइम" (फक्त पळतानाचा वेळ) आणि "इलॅप्स्ड टाइम" (थांबण्यासकट पूर्ण वेळ), दोन्ही इथे टाका.

नाचणीसत्व
घड्याळं, ॲपं! आपले पूर्वज काय पेस बघून पळायचे का?

पळपुटा
पूर्वज वाघ मागे लागला म्हणून पळायचे. त्यांना २:१० नको होते.

सोमवारपासून_नक्की
१८ फेब्रुवारी: १०.०२ किमी, मूव्हिंग १:०२:३०, इलॅप्स्ड १:११:२०. सिग्नलला थांबतो, एकदा पाणी पितो, त्यात काय.

मोजपट्टी
त्यातच सगळं आहे. फोनचं ऑटो-पॉज चालू होतं. तुम्ही थांबलात की तेही थांबायचं, म्हणून ६:१४. पूर्ण वेळ धरला तर ७:०७ होतात. घड्याळावर ऑटो-पॉज बंद असणार, आता सात दिसतायत. म्हणजे ऐन पावसाळ्यात तुम्ही किंचित सुधारला आहात! एक्सेलच्या एकाच रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी भरल्यात.

सोमवारपासून_नक्की
बघितलं. बंदच आहे. 😐

तळजाईकर
__/\__

पळपुटा
पण मग २:१० चं काय? एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याची वेळ काढायच्या रिगेलच्या सूत्राने (अंतराच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात) १० किमी ६२:३० मध्ये असेल तर हाफ २:१८ च्या आसपास. ७० मिनिटं धरली तर २:३४. २:१० साठी १० किमी ५९ मिनिटांत, न थांबता यायला हवं. रेसमध्ये चिप लावलेली असते, तुम्ही पाणी पीत उभे राहिलात तरी ती मोजतच राहते.

तळजाईकर
सिग्नलला थांबणं म्हणजे दमून थांबणं नव्हे. ७० धरणं अन्याय आहे.

पळपुटा
उभं राहून नाडी खाली आली की विश्रांतीच झाली. ६२ धरणं हा त्याहून मोठा अन्याय.

मोजपट्टी
भांडू नका. रविवारी ट्रॅकवर जा, २५ फेऱ्या, न थांबता. तोच आकडा खरा.

समईची_वात
आमच्या ह्यांनाही पळायचंय पण ५२ वर्षांचे आहेत, शुगर आहे. बूट कुठले घ्यावेत?

पळपुटा
ताई, आधी डॉक्टर, मग बूट. वेगळा धागा काढा, इथे वाहून जाल.

सोमवारपासून_नक्की
सणस मैदानाच्या ट्रॅकवर जाऊन आलो. २५ फेऱ्या, १:०९. म्हणजे ६:५४. निराश आहे.

मोजपट्टी
कुठल्या लेनमधून?

सोमवारपासून_नक्की
पहिल्या लेनमध्ये चार काका हातात हात घालून राजकारणावर बोलत चालले होते. चौथीतून पळालो.

मोजपट्टी
४०० मीटर फक्त पहिल्या लेनला. चौथीची फेरी साधारण ४२३ मीटरची. २५ फेऱ्या म्हणजे १०.५७ किमी, पेस ६:३१. आज हाफ पळालात तर २:२४ च्या आसपास.

पळपुटा
माझा ७०-बिनचा अंदाज मागे घेतो. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). प्लॅन ऐका: साताऱ्याला वेळ विसरा. चढावर चाला, लाज वाटून घेऊ नका, येताना उतारावर उधळू नका, मांड्या चार दिवस जिना उतरू देणार नाहीत. मग दोन आठवडे हलकं. पुण्याला २:२०, जमलं तर २:१८. मुंबईचा आकडा पुणे झाल्यावर ठरवा.

तळजाईकर
मुंबईत जानेवारीतही पुणेकराला घाम फुटतो आणि पेडर रोडचा चढ आहे. २:१० पुढच्या वर्षी.

सोमवारपासून_नक्की
पण ऑफिसात २:१० सांगून बसलोय.

मोजपट्टी
ऑटो-पॉज लावून दाखवा त्यांना.

समईची_वात
साताऱ्याला आदल्या रात्री राहण्याची सोय कुठे होते? ह्यांना नुसतं बघायला न्यायचंय.

तळजाईकर
शनिवारी गाव भरलेलं असतं, आताच फोन करून ठेवा.