उत्तर: गाडीवरून श्रीमंती कळते का?

'वीस लाखांची गाडी दारात आहे म्हणजे तेवढी ऐपत आहेच' हे वर आलेलं मत पटलं नाही. ऐपत हप्त्याची असते, गाडीची नव्हे. शोरूम किंमत १७ लाख, आरटीओ कर आणि विमा धरून २० लाख. ५ लाख रोख, १५ लाख कर्ज, ९ टक्के, सात वर्षं: हप्ता साधारण २४,१३४ रुपये. तीन वर्षांत खिशातून सुमारे १३.७ लाख गेले, तरी मुद्दल ९.७ लाख बाकीच. तीन वर्षं उलटली की विम्याच्या घसारा तक्त्याप्रमाणे शोरूम किमतीत ४० टक्के घट धरतात, म्हणजे आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) १०.२ लाख. मालकाचं स्वतःचं उरलं जेमतेम ५० हजार! (बाजारभाव मॉडेलप्रमाणे थोडा वरखाली होतो.)

खरं काय ते आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) दिसतं. हायपोथिकेशनच्या रकान्यात बँकेचं नाव असेल तर गाडी तारण आहे. पण त्यावरही डोळे मिटून विसंबू नका. कर्ज फिटलं तरी बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन बोजा उतरवावा लागतो, आणि बरेच जण तो कंटाळा करतात. मग गाडी विकताना अडतं. मालकाच्या जागी कंपनीचं नाव असेल, तर ती गाडी चालवणाऱ्याच्या संपत्तीत धरताच येत नाही.