स्किर्मिऑनला टोपोलॉजिकल प्रोटेक्शन असतं ना, मग तो पुसला कसा जातो?

अनघा_एमएससी: सेमिनारसाठी स्किर्मिऑन वाचतेय, म्हणजे चुंबकीय पदार्थातला स्पिनचा (अणूंवरच्या छोट्या चुंबकांचा) भोवरा. मधला स्पिन खाली, कडेचे वर, अधलेमधले वळत वळत जातात आणि मिळून सगळ्या दिशा एकदा कव्हर करतात म्हणून टोपोलॉजिकल चार्ज (सगळ्या दिशा किती वेळा कव्हर झाल्या तो आकडा) १, इथपर्यंत डोक्यात शिरलं. पण १ चा हळूहळू ० होऊच शकत नाही, हेच टोपोलॉजिकल प्रोटेक्शन म्हणतात, मग चुंबकीय फील्ड वाढवलं की हे गायब कसे होतात?? कुणीतरी नीट सांगा प्लीज

स्पिनवाला: तो नियम स्पिनची दिशा जागोजागी सलग बदलते असं धरलं तरच लागू होतो. खऱ्या मटेरियलमध्ये स्पिन अणूंवर बसलेत, शेजारच्या दोघांत कितीही कोन पडू शकतो, फक्त शेजारी एका दिशेत नसल्याची किंमत, म्हणजे एक्सचेंज एनर्जी, मोजावी लागते. फील्ड वाढवलं की स्किर्मिऑन आवळत जातो, शेवटी थोड्याच अणूंएवढा उरतो आणि मधले स्पिन फटकन उलटतात, चार्ज शून्य. म्हणजे प्रोटेक्शन हा एनर्जी बॅरियर आहे, आणि तो अनंत नाही. पातळ फिल्ममध्ये दुसरी वाट पण आहे, कडेने निसटायची. दोरीची गाठ मधे सुटत नाही पण टोकाकडे सरकवली की निघते ना, तसंच.

न्यूट्रॉन_प्रेमी: बल्कमध्ये (जाड तुकड्यात) अजून भारी प्रकार होतो. तिथे स्किर्मिऑन नळ्यांसारखे उभे असतात, दोन नळ्या एकमेकींत मिसळतात तिथे ब्लॉख पॉइंट तयार होतो, त्या बिंदूवर मॅग्नेटायझेशनला दिशाच नसते, आणि तो सरकत गेला की चार्ज बदलत जातो. अजून एक, स्टेबल आणि प्रोटेक्टेड यात गल्लत करू नकोस. २००९ मध्ये मँगनीज सिलिसाइडमध्ये स्किर्मिऑन लॅटिस (स्किर्मिऑनची नियमित जाळी) पहिल्यांदा दिसली ती साधारण २९ केल्विनच्या जरा खाली, फील्डच्या छोट्याशा पट्ट्यातच, ते स्टेबल असणं थर्मोडायनॅमिक्सचं, म्हणजे तिथे तीच सगळ्यात सोयीची अवस्था. तेच झपाट्याने थंड केलं तर पट्ट्याच्या बाहेरही टिकून राहतात, प्रोटेक्शन खरं दिसतं ते इथे!

अनघा_एमएससी: आत्ता कळलं, खूप थँक्यू दोघांना! मग मेमरीसाठी स्किर्मिऑन बिट म्हणून अरुंद पट्टीच्या ट्रॅकवरून पळवायचे म्हणतात, तिथे कडेची भीती नाही का?

स्पिनवाला: आहे की. चार्ज असल्यामुळेच करंट दिला की ते सरळ न जाता बाजूला वळतात, स्किर्मिऑन हॉल इफेक्ट, २०१७ मध्ये प्रयोगात थेट दिसला. जोर जास्त झाला तर कडेला जाऊन मरतात. म्हणून उलट चार्जचे दोन थर अँटीफेरोमॅग्नेटिक जोडतात (एकाचे स्पिन वर तर दुसऱ्याचे खाली), दोघांचं वळणं एकमेकांना कापतं आणि जोडी सरळ जाते. सेमिनारमध्ये हे नक्की घे.