शहरातलं एकट्याचं चालणं: टिपणं कशी काढता, लेख कसा उभा करता?

एकला_पांथस्थ

शहरातल्या रोजच्या चालण्यावर ललित लिहिणाऱ्यांना काही नेमके प्रश्न. प्रवासवर्णन नको आहे आणि आरोग्याचा सल्लाही नको (रोज किती पावलं, यावर धागे पुष्कळ आहेत). विषय साधा आहे: एकटा माणूस, ओळखीचे रस्ते, तिथलं रोजचं आयुष्य आणि त्यावरून डोक्यात चालणारे विचार.

अडचणी अशा:

१. टिपण काढायला थांबलं की चालण्याची लय तुटते. न थांबता घरी येऊन लिहावं तर तपशील निसटलेले असतात, नुसता मूड उरतो.

२. टिपण काढलं तरी आठवड्याने 'पिवळी खिडकी, म्हातारा, पाऊस' एवढ्यावरून काहीच उभं राहत नाही.

३. लेख लिहायला घेतला की एकतर यादी होते (हे दिसलं, मग ते दिसलं), नाहीतर दुसऱ्याच परिच्छेदात प्रवचन सुरू होतं.

'निरीक्षणशक्ती वाढवा' छापाचे प्रतिसाद नकोत. प्रत्यक्ष काय करता ते सांगा.

---

वहीबहाद्दर

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. टिपणात नामं लिहिली जातात आणि क्रियापदं सुटतात. 'म्हातारा' लिहून ठेवायची गरजच नसते, तो आठवतो. तो करत काय होता, ते विसरतं. 'म्हातारा पिशवी खाली न ठेवता किल्ली शोधतो, पिशवीचे बंद दातात.' दहा शब्द झाले, पण महिन्याने वाचलं तरी माणूस दारात उभा दिसतो.

जागेवर लिहायलाच हवं ते एवढंच:

- कानावर पडलेलं वाक्य, जसंच्या तसं. हे सगळ्यात लवकर नासतं. दोन मिनिटांत आपण ते आपल्या भाषेत दुरुस्त करून टाकतो आणि ते कळतही नाही.
- अंक आणि अक्षरं. कितवा मजला, पाटीवरची चुकलेली वेलांटी.
- क्रम. आधी कुत्रं उठलं की आधी शटर वाजलं?

मूड, हवामान, 'वातावरण' यांवर जागेवर शाई घालवू नका.

प्रत्येक टिपणाला थांबायचं नाही. एकेक गोष्ट एकेका बोटाला बांधायची: अंगठा 'किल्ली', तर्जनी 'शटर'. तीन-चार झाल्या की पुढच्या सोयीच्या जागी एकदम उतरवायच्या. पाचवी आली की पहिली पडते, त्यामुळे चारच्या वर ओढू नका. फक्त बोललेलं वाक्य याला अपवाद, त्याला लगेच थांबायचं.

साधनं: ए६ आकाराची (१०५ बाय १४८ मिलिमीटर) शिवलेली वही, मागचा पुठ्ठा जाड. स्पायरल खिशात अडकतं आणि पानं सुटतात. बॉलपेन नको. त्याची शाई गुरुत्वाकर्षणाने उतरते, त्यामुळे वही भिंतीला टेकवून लिहिलं की चार ओळींत ते रुसतं. जेलची शाई घामाच्या बोटाने आणि पावसाच्या थेंबाने फिसकटते. साधी एचबी पेन्सिल बरी. यांत्रिक पेन्सिल असेल तर ०.७ चं शिसं घ्या, उभ्याने लिहिताना ०.५ चं सारखं तुटतं.

लिहायचं फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं ठेवायचं आणि त्याच रात्री २०-२५ मिनिटं बसून भरायचं: उजवीकडच्या तुटक ओळी उलगडायच्या आणि त्यावरून सुचलेले विचार तिथेच लिहायचे. उजवीकडे दिसलेलं, डावीकडे वाटलेलं. ही सरमिसळ टळली की तुमची तिसरी अडचण निम्मी सुटते. उलगडणं दुसऱ्या दिवसावर टाकलं की स्वतःचं अक्षरसुद्धा परकं वाटतं.

---

बिनवहीचा

सपशेल असहमत. वही हातात असली की माणूस शिकारीला निघाल्यासारखा चालतो. जे दिसतं त्याचं 'साहित्य' होतं. काहीही न लिहिता फिरा, झोपा आणि सकाळी जे उरलं असेल तेवढंच लिहा. गाळणी आपली आपणच लागते.

---

वहीबहाद्दर

@बिनवहीचा, शिकारीची सवय लागते हे मान्य. म्हणून आठवड्यातून एखादी फेरी वहीशिवाय करावी. पण ती गाळणी निःपक्षपाती नसते. आपल्या समजुतीशी जुळणारं तेवढं सकाळपर्यंत टिकतं. भांडखोर दिसणारा माणूस हळूच मांजराला वाट देतो, हा न जुळणारा तपशील आधी गळतो. लेखाला नेमका तोच हवा असतो.

---

मंदगती

वहीबद्दल वर आलंच आहे. मी मार्ग, वेग आणि वेळ यांबद्दल लिहितो.

नेहमीची चाल ताशी साधारण ५ किलोमीटर असते. त्या वेगाला नजर जमिनीवर आणि गाड्यांवरच राहते. ३ च्या आसपास उतरलात की वरचे मजले दिसायला लागतात. अडीच किलोमीटरची फेरी या वेगाने ५० मिनिटं घेते. थांबे धरून सव्वा तास ठेवा. त्याहून लांब फेरीत शेवटच्या भागाची टिपणं हमखास पातळ होतात, पाय दुखू लागले की डोळे घराकडे लागतात.

मार्ग रोज नवा नको. नव्या रस्त्यावर निम्मं लक्ष वाट शोधण्यात जातं आणि जे दिसतं ते केवळ नवं म्हणून भारी वाटतं. एकच फेरी धरा आणि बाकी सगळं बदला: वेळ, वार, फूटपाथची बाजू आणि मुख्य म्हणजे दिशा. सकाळी स्टेशनाकडे चाललात तर गर्दीच्या पाठी दिसतात, स्टेशनाकडून निघालात तर चेहरे. तोच रस्ता, तीच वेळ, पण टिपणं पार वेगळी येतात.

पुनरावृत्तीवर शंका असेल त्यांच्यासाठी: फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसच्या सँ-सुल्पीस चौकात लागोपाठ तीन दिवस बसून समोरून जाणारं सगळं नोंदवलं. बसचे क्रमांक, कबुतरं, पिशव्या घेतलेली माणसं. चर्च, पुतळे, कारंजं यांचं वर्णन आधीच पुष्कळ झालंय म्हणून उरलेलं लिहायचं, असा त्याचा बेत होता. हा नियम आपल्यालाही सोयीचा आहे. ज्याला नावाची पाटी आहे ते सोडा, उरेल ते तुमचं.

वेळांमध्ये सगळ्यात श्रीमंत म्हणजे सूर्य मावळल्यानंतरची. घरात दिवे लागलेले असतात, पडदे अजून ओढलेले नसतात आणि बाहेर पाय दिसण्याइतका उजेड असतो. विषुववृत्ताजवळच्या शहरांत हे सगळं २०-२५ मिनिटांत आटोपतं, उत्तरेकडे उन्हाळ्यात तासाच्या वर रेंगाळतं. तेव्हा फेरीचा घरांचा भाग या वेळेत येईल अशा बेताने निघा. पाऊस चालू असताना संवाद मिळत नाहीत, ओल्या रस्त्यावरच्या टायरांचा आवाज बोलणं गिळतो. ज्या दिवशी माणसांची वाक्यं हवीत तो दिवस कोरडा निवडा.

आणखी एक. २०१४ मध्ये मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांचा स्टॅनफर्डमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. चालताना आणि चालून आल्यावर लगेच लोकांना नव्या कल्पना जास्त सुचल्या. पण एकच बरोबर उत्तर शोधायच्या कामात चालण्याचा फायदा दिसला नाही, तिथे कामगिरी किंचित खालीच गेली. म्हणून चालताना वाक्यं घासत बसू नका, नेमका शब्द शोधणं हे टेबलावरचं काम.

---

कोपऱ्यावरची

थांबायच्या जागेचा कुणी विचार केलेला दिसत नाही. फूटपाथच्या मधोमध उभं राहून वहीत लिहिणाऱ्या माणसाकडे लोक बघतात, आणि ती बाई असेल तर जरा जास्तच बघतात. सगळ्यात उत्तम जागा बसथांबा. तिथे काहीही न करता उभं राहण्याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही, छप्पर असतं, बहुतेक वेळा दिवाही असतो. फेरी आखतानाच असे तीन-चार थांबे हेरून ठेवा. त्यानंतर बाक किंवा दुकानाची पायरी. खिडक्यांसमोर कधीही थांबू नका. चालत जाताना जेवढं दिसेल तेवढंच आपलं. कानात इयरफोन घालून निघालात तर निम्मं शहर घरीच ठेवलंत, आणि अंधारात ते धोक्याचंही आहे.

लिहिताना माणसांची काळजी घ्या. नाव बदलणं पुरेसं नसतं. 'पोस्टाजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी, रोज साडेसातला कुत्र्याला घेऊन निघणारी' यात नाव नाही, तरी पत्ता आणि वेळापत्रक दोन्ही आहे. जागा, वेळ आणि खूण या तिन्हींतली एकच खरी ठेवा. कृती मात्र बदलू नका, लेख तिच्यावरच उभा असतो. आणि चालता चालता जागेसकट पोस्ट टाकणं तर नकोच.

---

निवृत्त_संपादक

तिसऱ्या अडचणीकडे येतो.

यादी का होते? लेख चालण्याच्या क्रमाने जातो आणि वाटेतल्या प्रत्येक गोष्टीला सारखीच जागा मिळते म्हणून. हजार-बाराशे शब्दांत चार-पाच गोष्टी पुरतात. त्यातल्या एकीला चारशे-पाचशे शब्द द्या, दोघींना एकेक परिच्छेद, बाकीच्यांना वाक्याचा तुकडा. कुणाला चारशे द्यायचे? जिच्यासमोरचं डावं पान आपोआप भरलं तिला.

प्रवचन का होतं? विचार नेहमी प्रसंगानंतर, त्याचा अर्थ म्हणून येतो. त्याची जागा हलवा. विचार आधी मांडा आणि प्रसंगाला तो थोडा खोटा पाडू द्या. किंवा कृतीच्या मध्ये घाला: माणूस किल्ली शोधतोय, तेवढ्यात विचार येऊन जातो, मग किल्ली सापडते. तपासणी सोपी आहे. प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य झाकून वाचा. काही कमी झालं नाही, तर ते वाक्य तात्पर्य होतं. काढा.

भाषेचं थोडं. 'निघालो', 'थांबले' यांत कर्ता बसलेलाच असतो, तरी लोक प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू करतात. मसुद्यात 'मी', 'वाटलं', 'जाणवलं', 'नकळत', 'कुठेतरी' हे शब्द शोधून निम्मे उडवा. 'जणू' लेखाला एक. 'गजबजलेला रस्ता' आणि 'सुरकुतलेला चेहरा' यांना सुट्टी.

रोजच्या दृश्यांना रीतिभूतकाळ (पूर्वी नेहमी घडे ते सांगणारा काळ) फार उपयोगी पडतो आणि हल्ली कुणी वापरत नाही. 'सात वाजता दिवा लागे. मग खिडकी उघडे. हात बाहेर येऊन कुंडीत पाणी ओती.' तीन वाक्यांत महिनाभराच्या फेऱ्या बसल्या. आता साधा भूतकाळ आणा: 'मंगळवारी दिवा लागला नाही.' घटना घडली. दोन काळांतल्या या बदलानेच काम होतं, 'अचानक' लिहावं लागत नाही. पण सबंध लेख 'जाई-येई'त लिहिलात तर जुन्या आठवणींसारखा वास येतो, सलग चार-पाच वाक्यांच्या पुढे नेऊ नका.

आणि लेखाच्या शेवटी घरी पोहोचून कुलूप उघडू नका. संपादकांनी ते कुलूप फार वेळा उघडलेलं पाहिलंय.

---

एकला_पांथस्थ

सगळ्यांचे आभार, उजवं-डावं पान आजपासूनच. दोन उपप्रश्न. फोनवर आवाज रेकॉर्ड करून चालेल का? आणि जुन्या सुट्या चिठ्ठ्यांचा ढीग आहे, बऱ्याचशा बिनतारखेच्या. त्यांचं काय करू?

---

मंदगती

रेकॉर्डिंग चालतं, पण मर्यादेत. फोन कानाला लावून फोनवर असल्यासारखं बोला: कुणी बघत नाही आणि माइक तोंडाजवळ राहतो. समोर धरला तर वारा थेट माइकवर आदळतो आणि ऐकताना फरफर तेवढी उरते. एका वेळी १५-२० सेकंद, सुरुवातीला जागा आणि वेळ बोलायची. लांब बोललात की ऐकून उतरवायला तिप्पट-चौपट वेळ जातो आणि ते काम कायमचं मागे पडतं. शिवाय बोलताना आपण श्रोत्याला समजावत असतो, म्हणून त्या टिपणांत स्पष्टीकरण जास्त आणि दृश्य कमी येतं. फोटो फक्त पाट्या आणि अंकांसाठी. फोटोत वेळ नोंदली जाते, ती वहीतला क्रम लावायला कामी येते.

---

निवृत्त_संपादक

सुट्या चिठ्ठ्यांची परंपरा मोठी आहे. अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ रूसो शेवटच्या वर्षांत फिरताना खेळायच्या पत्त्यांवर टिपणं करी. त्या काळी पत्त्यांची मागची बाजू कोरी असे. असे २७ पत्ते शिल्लक आहेत. पण सुट्या कागदांचा तोटाही आहे: पोर्तुगीज कवी फर्नांदो पेसोआ १९३५ साली वारला तेव्हा लिस्बनमधल्या एका एकट्या कारकुनाच्या नावे लिहिलेले त्याचे गद्य तुकडे सुट्या कागदांवर होते, पुष्कळसे बिनतारखेचे. त्या तुकड्यांचं पुस्तक निघालं १९८२ मध्ये, आणि संपादकागणिक त्याचा क्रम बदलत आला आहे. तेव्हा यापुढे प्रत्येक चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात तारीख, वेळ, जागा. कोपरा बदलायचा नाही, गठ्ठा चाळताना तो एकच कोपरा बघितला की काम भागतं.

जुन्या ढिगाची विषयवार वाटणी करू नका. 'पाऊस', 'म्हातारे', 'खिडक्या' असे गठ्ठे केलेत की पाच पाऊस शेजारी येतात आणि एकमेकांना मारतात. एक ठेवा, चार बाजूला. चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि दिवसाच्या प्रहरांप्रमाणे लावा: पहाट, ऑफिसची वेळ, दुपार, दिवेलागण, रात्र. वर्षांची सरमिसळ झाली तरी एक दिवस उभा राहतो. तो कुण्या एका तारखेचा दिवस आहे असं मात्र भासवू नका, तिथे रीतिभूतकाळ वापरा.

अशा जोडकामात सांधे उघडे पडतात ते ऋतूंमुळे. दुपारच्या तुकड्यात थंडीतल्या लांब सावल्या आणि लगेच पुढच्यात पंख्याखाली घामाघूम शिंपी. जोडून झालं की फक्त तीन गोष्टींसाठी एकदा वाचा: सावलीची लांबी, माणसांचे कपडे, दिवे कधी लागतात. जिथे जुळत नाही तिथे तपशील बदलू नका, ती चिठ्ठीच काढून दुसऱ्या लेखासाठी ठेवा.