गावच्या संग्रहालयात काम केलंय का कुणी? अनुभव लिहा

तेरणाकाठ
काल लेकीची माळ तुटली. मणी पलंगाखाली गेले. ते शोधायला ओणवी झाले आणि एकदम आजोळ आठवलं. आजोळ तेर, धाराशिव जिल्हा, गोरोबाकाकांचं गाव. पावसाची मोठी सर येऊन गेली की आम्ही पोरं पांढरीच्या टेकाडाकडं पळायचो. माती वाहून गेलेली असायची आणि मणी वर आलेले. लाल, काळे, एखादा शंखाचा. मामा सगळे डब्यात घालून ठेवायचा, "ह्ये लई जुनं हाय, खेळायचं न्हाई." पुढं तो डबा त्यानं संग्रहालयात नेऊन दिला. मोठेपणी कळलं की हेच ते तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात ज्याचं नाव येतं ते.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर तेरमधून अशाच वस्तू जमवल्या. तोच संग्रह आज तिथल्या सरकारी संग्रहालयात आहे, त्यांच्याच नावानं. तिथली हस्तिदंती बाहुली जरूर बघा. पाँपेईत १९३८ साली भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली होती, तिची ही बहीणच वाटते.

लग्न होऊन ज्या गावी आले तिथं वाचनालयाच्या माडीवर छोटासा संग्रह होता. तीन वर्षं दर रविवारी तिथं नोंदवही लिहिली. एकदा एक आजी पिशवीतून अडकित्ता घेऊन आल्या. पितळी, घोड्याच्या आकाराचा, एक कान तुटलेला. मी लिहिलं, 'अडकित्ता, पितळ, लांबी १७ सेंमी, कान तुटका.' आजी वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "आन् कान कसा तुटला त्ये? रझाकाराच्या वक्ताला रातीतनं घर सोडलं, तवा बैलगाडीतनं बोचकं पडलं. त्ये लिही की." त्या दिवसापासून वहीत 'शेरा' हा रकाना मी सगळ्यात रुंद आखायला लागले.

तुमच्याकडं असं काही असेल तर लिहा ना.

सुनंदामावशी
अगं माझं माहेर ढोकी!! तुझं आजोळ कुठल्या बाजूला, देवळाकडे की स्टेशनाकडे?

वाशिष्ठीकर
२२ जुलै २०२१. चिपळूण. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. पाण्यानं २००५ मध्ये पण गाठलं होतं, ह्या वेळी पण. आधी घरातला चिखल काढला, मग तिकडे गेलो. कितीतरी पुस्तकं गेलीच. ओलं पुस्तक लगेच उघडायला जायचं नाही, पान हातात येतं. उन्हात तर अजिबात ठेवायचं नाही, पुठ्ठा वाकडा होतो. सावलीत, पंख्याखाली, मधे मधे कोरा कागद घालून. तो कागद भिजला की बदलायचा, परत भिजला की परत बदलायचा. दुकानात गिऱ्हाईक आलंय, बाकीचं नंतर.

तेरणाकाठ
वाशिष्ठीकर, वाचून गलबलून आलं. सावकाश लिहा.
मावशी, देवळाकडून नदीला उतरताना डाव्या हाताला. चिंच होती दारात.

रुमाल
मोडीचा वर्ग केला आणि नादच लागला. आमच्या तालुक्याच्या गावी एका वाड्यातलं दप्तर संग्रहाला मिळालं, नऊ रुमाल. हातरुमाल नव्हे हो, कागद बांधायचं फडकं. गाठ सोडली की वेखंडाचा वास. त्यामुळेच कसर लागली नव्हती. मोडीत आधी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला लटकवतात, बोरू फारसा उचलायचाच नाही, म्हणून सगळं एकमेकांत गुंतलेलं. चार महिने वाचून काय निघालं? विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन भावांची कज्जेदलाली. तीच विहीर अजून आहे आणि पाळीवरून भांडण पण अजून आहे 😄
शेजारच्या वाड्यातलं दप्तर मात्र आम्ही पोचायच्या आदल्या आठवड्यात रद्दीत गेलं. किलोवर. ते अजून सलतं.

कांदाभाकर
रुमाल, मोडीचा वर्ग ऑनलाइन असतो का? आईला शिकायचंय, वय ७१.

रुमाल
असतात. आईंना म्हणावं आधी बाराखडी रोज एक पान गिरवा, बोरू नसला तर शाईपेन चालेल.

खानदेशी
धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ कुणी पाहिलंय का? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद जमवत फिरले, ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले. पुढच्याच वर्षी लोकांनी मंडळ उभं केलं. मी कॉलेजात असताना तिथं नुसता जाऊन बसायचो, उन्हाळ्यात गार वाटायचं म्हणून. आता वाटतं तेव्हाच काहीतरी हातात घ्यायला हवं होतं.

पाटलीणबाई
हात जोडून सांगते, नाणी घासू नका. आमच्याकडे एका काकांनी तीसेक शिवराया दिल्या, द्यायच्या आधी प्रेमानं चिंच-मीठ लावून लखलखीत करून. 'श्री राजा शिव' पुसट, मागचं 'छत्रपति' तर बोटानं चाचपावं लागतंय. त्यांचा चेहरा एवढा खुललेला की आम्ही कुणी काही बोललो नाही. वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांना, ऑइलपेंट फासतात ते वेगळंच दुःख. कुकर लावलाय, पळते.

दूरदेशी
मी न्यू जर्सीत. इथल्या गावच्या छोट्या संग्रहालयात महिन्यातून दोन शनिवार जातो. कपाटात एक पितळी भांडं, खाली चिठ्ठी 'फुलदाणी, भारत'. तो गडू होता. आज्जी रोज उशाशी पाणी भरून ठेवायची तसाच, तळाला नाव कोरलेलं, देवनागरीत. बाईंना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच चिठ्ठी बदलली. घरी येऊन आईला फोन केला आणि बोलता बोलता रडलोच.

सुनंदामावशी
दूरदेशी बाळा 🙏

कांदाभाकर
एक विचारायचं होतं. शेतात नांगरताना काही सापडलं तर घरी ठेवलं तर चालतं का? भावाला मागे एक मडकं सापडलं, आत काही नव्हतं.

रुमाल
१८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तहसीलला लेखी द्या आणि पोच घ्या. मडकं धुऊ नका, आतली माती पण टाकू नका. आणि नेमकं कुठल्या बांधाजवळ, किती खोल सापडलं ते आजच भावाला विचारून लिहून ठेवा.

कांदाभाकर
धुतलंय हो. पण जागा त्याला पक्की आठवते. करतो फोन.

वाशिष्ठीकर
आलो परत. तेव्हा बारा पुस्तकं घरी आणली होती वाळवायला. ओटीवर पंखा लावून उभी केलेली. आई भाकरी थापता थापता मधेच उठायची, हात पुसायची आणि पानं उलटायची, पापड उलटावेत तशी. सात वाचली. जांभळा शिक्का पसरलेला, पण आतला दाखल क्रमांक वाचता येत होता. आई तो एकेकाचा मोठ्यानं वाचायची आणि मी वहीत उतरवून घ्यायचो.

सुनंदामावशी
तेरणाकाठ, ती चिंचवाल्यांची का तू?! अगं तुझी मामी आमच्या वर्गात होती, निरोप बघ.