सज्ञान रुग्णाच्या घरच्यांना डॉक्टर माहिती का देत नाहीत?

प्रश्न: भावाला स्किझोफ्रेनिया आहे, वय २७. डॉक्टर म्हणतात, त्याच्या संमतीशिवाय काही सांगता येणार नाही. गोळ्या आम्हीच द्यायच्या, मग आम्हालाच अंधारात का?

उत्तर १: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३: गोपनीयता हा रुग्णाचा हक्क. वाट कलम १४ मध्ये आहे. भाऊ शुद्धीत, शांत असताना त्याला साध्या कागदावर तुम्हाला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' (रुग्णाने स्वतः निवडलेला माणूस, ज्याला डॉक्टर गरजेची माहिती देऊ शकतात) नेमू द्या. त्याची सही किंवा अंगठा आणि तुमची लेखी संमती, बास. प्रत केसपेपरला लावून घ्या. दमदाटीने सही घेऊ नका. तो ही नेमणूक केव्हाही रद्द करू शकतो.

उत्तर २: डॉक्टरांना सांगायला बंधन आहे, ऐकायला नाही! अर्धं पान लिहून द्या: झोप किती तास, कुठली गोळी कधीपासून चुकली. 'विचित्र वागतो' हे निरुपयोगी. 'मंगळवारपासून रात्री २ ला उठून खिडक्यांना कागद चिकटवतो' हे कामाचं.

उत्तर ३: तो नाही म्हणत असताना दाखल करायची वेळ आलीच, तर याच कायद्याचं कलम ८९. अर्ज प्रतिनिधीचा, दोन तज्ज्ञांकडून रुग्णाची स्वतंत्र तपासणी (एक मनोविकारतज्ज्ञ हवाच), मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. अपरात्री अडलं तर टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६. घरच्यांनीही फोन केलेला चालतो.