मदत हवी आहे: ब्रॉडबँडवाल्यांकडून मालवेअरचा इशारा आलाय, घरातलं नेमकं कोणतं यंत्र धरू?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, खाली अण्णांचं किराणा दुकान आणि वर घर. इथल्याच एका केबलवाल्याचं फायबर कनेक्शन आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा इंग्रजीत एसएमएस आला आणि मागोमाग ईमेलही. मतितार्थ असा की तुमच्या कनेक्शनवरचं एखादं यंत्र बॉटनेटमध्ये (म्हणजे मालवेअर घुसवून दुसऱ्याच कुणी ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्यात) सामील असल्याचं सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेकडून कळलंय, ते साफ करून घ्या. खाली सीएसके डॉट गव्ह डॉट इन असा पत्ता. कोणतं यंत्र, केव्हा, काय केलं, यातलं अवाक्षर नाही.

हा मेसेजच फसवा असेल म्हणून लिंकला हात लावलेला नाही. पण त्याच सुमारास गुगलवर काही शोधायला गेलं की 'तुम्ही रोबो नाही ना' म्हणून झेब्रा क्रॉसिंग आणि बसगाड्या ओळखायला लावतंय, तेही घरातल्या सगळ्या फोनवर. मोबाईल डेटावर गेलं की गायब. म्हणजे अगदीच हवेतली गोष्ट नसावी.

वायफायवर मिसेसचा ऑफिसचा लॅपटॉप आहे, माझा जुना विंडोज १० वाला, सगळ्यांचे फोन, अण्णांच्या टीव्हीला लावलेला अँड्रॉइड बॉक्स आणि दुकानातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर. माझा लॅपटॉप विंडोजच्याच डिफेंडर अँटीव्हायरसने पूर्ण तपासला, ऑफलाइन स्कॅनही केला. काही सापडलं नाही. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते, पण निम्म्यांना नावच नाही, नुसते मॅक नंबर, म्हणजे प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक.

कंपनीच्या पोराला फोन केला तर म्हणाला, "सगळं फॉरमॅट मारा साहेब." राउटरपण? "मारा की."

कुठून सुरुवात करू? आणि मिसेसच्या ऑफिसात सांगावं का?

मिरजकर

मेसेज खरा असू शकतो. सीएसके म्हणजे इथे धोनीचा संघ नव्हे, सायबर स्वच्छता केंद्र. सर्ट-इननेच २०१७ साली सुरू केलंय. बॉटनेटच्या सर्व्हरशी बोलणारे आयपी पत्ते (कनेक्शनचे इंटरनेटवरचे क्रमांक) त्यांना कळतात, ते इंटरनेट कंपन्यांना कळवतात आणि कंपन्या आपल्याला. पाठवणाऱ्याच्या नावाचा शेवट बघा. २०२५ पासून सरकारी मेसेजला शेवटी डॅश जी असतं, सेवेच्या मेसेजला डॅश एस. तरीही लिंक दाबू नका, पत्ता स्वतः टाईप करा. ई-स्कॅन, के-सेव्हन वगैरेंची साधनं तिथे फुकट मिळतात, पण ती फोन आणि कॉम्प्युटरसाठी.

कुणी 'कंपनीतून बोलतोय' म्हणून फोन करून स्क्रीन शेअरचं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर सरळ ठेवून द्या. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

आणि हो, ऑफिसात सांगा. त्यांच्या आयटीवाल्यांना नंतर दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं.

कराडचा फायबरवाला

मी याच धंद्यात आहे म्हणून एक वेगळा मुद्दा. काही फॉरमॅट मारायच्या आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे कंपनीकडून राउटरला मिळालेला आयपी बघा. १०० ने सुरू होतो का? त्यातही १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ पत्ते महाग, त्यामुळे आम्ही लोक एकाच पब्लिक आयपीवर अख्खी गल्ली बसवतो. बाहेरच्या जगाला तुम्ही, समोरचा डॉक्टर आणि कोपऱ्यावरचं झेरॉक्स सेंटर, सगळे एकच.

म्हणजे झेब्रा क्रॉसिंगची कटकट शेजाऱ्याच्या प्रतापामुळेही होत असेल.

धागाकर्ता

बघितलं. १००.७२ ने सुरू होतोय! मग मेसेज मलाच का? का गल्लीत सगळ्यांना पाठवला?

कराडचा फायबरवाला

तेच विचारायचं. कोणता ग्राहक हे शोधायला पब्लिक आयपी पुरत नाही, वेळ आणि सोर्स पोर्टही (त्या जोडणीला त्या क्षणी मिळालेला नंबर) लागतो. तो जोडून आमच्या लॉगमध्ये पाहिलं की नेमकं घर सापडतं. कंपनीला ईमेल करा, फोन नको. "इशाऱ्यातली तारीख, वेळ, सोर्स पोर्ट आणि मालवेअरचं नाव कळवा." नाव महत्त्वाचं, कारण विंडोजवरचं आहे, अँड्रॉइडवरचं आहे की कॅमेऱ्यावरचं, हे त्यावरून बरंचसं कळतं. पोर्टची नोंदच नाही म्हणाले तर समजा, सरसकट पाठवलाय.

शाहूपुरी, सातारा

सगळे लॅपटॉपच्या मागे लागलेत, मी अण्णांच्या डब्याकडे बोट दाखवते. स्वस्तातला, बिननावाचा, 'सगळे चॅनेल फ्री'वाला आहे का? असेल तर पहिला संशय तोच. २०२४ मध्ये डॉक्टर वेब कंपनीला व्हॉइड नावाचं मालवेअर सुमारे १३ लाख अँड्रॉइड टीव्ही डब्यांत सापडलं, १९७ देशांत पसरलेलं. जून २०२५ मध्ये एफबीआयने अशाच डब्यांच्या बॅडबॉक्स २.० या बॉटनेटबद्दल इशारा दिला. त्यात काही डबे विकण्याआधीच बाधित असतात. काहींमध्ये, सुरुवातीला सेटिंग करताना जी अ‍ॅप्स उतरवायला लावतात, त्यातून घाण येते. मग तुमचं कनेक्शन भाड्याने दिलं जातं. दुसराच कुणी तुमच्या घरच्या आयपीवरून खोटे क्लिक मारतो, चोरलेले पासवर्ड लावून बघतो. टीव्ही झकास चालू, अण्णांना पत्ताच नाही.

तपासायला सोपं. प्ले स्टोअर असेल तर सेटिंग्ज, अबाउट, तिथे 'प्ले प्रोटेक्ट प्रमाणित' (प्ले प्रोटेक्ट म्हणजे गुगलची सुरक्षा तपासणी) लिहिलंय का बघा. सेटअप करताना प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगितलं होतं का, तेही आठवा.

दुसरं म्हणजे रिमोटने टीव्ही बंद होतो, डबा नाही. रात्री डबा घरच्या वायफायवरून काढा आणि एखाद्या जुन्या फोनच्या हॉटस्पॉटवर एकटाच जोडा. टीव्ही बंद, डब्याची वायर चालू. सकाळी फोनमध्ये हॉटस्पॉटने किती डेटा खाल्ला ते वाचा. थोडाफार जाईल, अपडेट असतात. पण काही न बघता शेकडो एमबी गेले तर उत्तर मिळालंच.

धागाकर्ता

ताई, डबा तसलाच आहे. गणपती पेठेतून आणलेला, वर फक्त 'फोरके' लिहिलंय. प्ले स्टोअरसारखं काहीतरी आहे, पण चिन्ह जरा वेगळं. यादीतले नंबर बघून फोन वेगळे काढता येतील का?

मिरजकर

मॅक नंबरचा पहिला अर्धा भाग बनवणाऱ्या कंपनीचा असतो, नेटवर टाकला की नाव येतं. पण अँड्रॉइड १० पासूनचे फोन आणि आयओएस १४ पासूनचे आयफोन खोटा नंबर दाखवतात. ओळखायची खूण म्हणजे नंबरातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट, बहुतेक एखादा फोनच. ते बाजूला काढा, उरलेले तपासा.

धागाकर्ता

अपडेट देतो. रात्री टीव्ही बंद होता, फक्त डब्याचा निळा दिवा चालू. सकाळी फोनमध्ये हॉटस्पॉटच्या नावावर सव्वा जीबीच्या वर गेलेले, डबा हाताला चांगला गरम. वायर काढली. कंपनीकडून अजून उत्तर नाही.

दुकानदार म्हणतो एक्स्चेंजमध्ये दुसरा देतो. तोही तसलाच. फॅक्टरी रीसेट मारून चालेल का? अण्णांना कीर्तन आणि क्रिकेटशिवाय करमत नाही, टीव्ही साधा आहे.

शाहूपुरी, सातारा

नाही चालणार. रोग फर्मवेअरमध्ये, म्हणजे डब्याच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये असला तर रीसेटनंतरही तिथेच राहतो. कुणाला विकू किंवा देऊही नका, दुसऱ्याच्या घरात तेच होईल. वायफायचा पासवर्ड बदला म्हणजे चुकून कुणी वायर लावली तरी तो परत चढणार नाही. मग पेनड्राइव्हवरची कीर्तनं दाखवायला खुशाल वापरा. क्रिकेटसाठी अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही प्रमाणित असलेली स्टिक घ्या, एचडीएमआय असेल तर साध्या टीव्हीलाही चालते.

कराडचा फायबरवाला

डब्यावर थांबू नका, डीव्हीआरही बघा. २०१६ च्या मिराई नावाच्या मालवेअरने असलेच डीव्हीआर आणि कॅमेरे कारखान्याचा मूळ पासवर्ड लावून काबीज केले होते. ते मेमरीतच राहतं, वीज गेली की जातं, आणि पासवर्ड तोच असेल तर परत येतं. पासवर्ड बदला, राउटरमधलं यूपीएनपी आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून घरातल्या यंत्रापर्यंत वाट उघडणाऱ्या सोयी) बंद करा. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, ते दुखणं वेगळं.

धागाकर्ता

यूपीएनपी चालू होतं, बंद केलं. डीव्हीआरचा पासवर्ड कॅमेरे बसवणाऱ्यालाच माहीत आणि तो फोन उचलत नाही. दुकान असल्यामुळे रेकॉर्डिंग थांबवता येणार नाही. काय करू?

कराडचा फायबरवाला

तोवर डीव्हीआरची लॅन केबल राउटरमधून काढून ठेवा. मोबाईलवर दिसणार नाही एवढंच, हार्ड डिस्कवर रेकॉर्डिंग चालू राहतं. दुकानातल्या स्क्रीनवर अण्णांना दिसेलच.